आमची वाटचाल : आधी डायग्राम, मग पार्ट

बडोद्यात दांडिया बाजारच्या गल्लीत बाबांनी दुकान टाकलं, तेव्हा कामं असायची इस्त्री, मिक्सर आणि पंख्याचं वाइंडिंग. त्यांना टेस्ट लॅम्प पुरायचा. पुढे घरोघरी ऑटोमॅटिक वॉशिंग मशिन आणि फ्रॉस्ट-फ्री फ्रिज आले. मी हाताशी आलो तेव्हा बाबांनी नियम घालून दिला : झाकण उघडलं की आधी डायग्राम, म्हणजे आतल्या वायरिंगचा नकाशा, शोधायचा. बहुतेक मशिनांत तो मागच्या पत्र्यावर चिकटवलेला असतो, नाहीतर आत घडी करून ठेवलेला. लोक तो कागद कचरा समजून टाकतात. कृपा करून टाकू नका.

रावपुऱ्यातल्या एका काकूंचा फ्रिज सांगतो. वर कॉइलवर बर्फाचा थर, खाली दूध नासायचं. आधीच्या मेकॅनिकने गॅस भरायला सांगितलं होतं. डायग्रामवर डीफ्रॉस्टची, म्हणजे कॉइलवरचा बर्फ वितळवणारी, लाइन बघितली : टायमर, बायमेटल (तापमानाप्रमाणे जोडणारा-सुटणारा स्विच), थर्मल फ्यूज (फार तापलं की उडणारा), हीटर, सगळे सिरीजमध्ये, एकामागोमाग एक. एक तुटला की लाइन गेली. प्लग काढून मीटर लावला. हीटर 264 ओहम, म्हणजे 230 व्होल्टला 200 वॉट, ठणठणीत. फ्यूज उडालेला.

नुसता फ्यूज घातला असता तरी फ्रिज चालला असता. पण तो उडाला कशाने? बायमेटल गारठ्यात जोडलेला राहतो आणि कॉइल तापली की सुटतो. काढून टेबलावर ठेवला, खोलीच्या उष्णतेला आला, तरी मीटर कंटिन्युइटी, म्हणजे लाइन जोडलेलीच, दाखवत होता. चिकटला होता. त्यामुळे हीटर वेळेत बंद होत नव्हता, शेवटी फ्यूज गेला. दोन्ही बदलले, गॅसला हात लावावा लागला नाही. उलटंही होतं : चांगला बायमेटल खोलीच्या उष्णतेला ओपन, म्हणजे सुटलेला, दाखवतो आणि कितीतरी जण तो खराब म्हणून फेकतात.

आयटीआयमधून येणाऱ्या मुलांना मी पहिले काही आठवडे फक्त कागदावर बोट फिरवायला लावतो. ब्राउन फेज, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थिंग. मायक्रोवेव्हला मात्र हात लावू देत नाही. प्लग काढल्यावरही त्याचा कपॅसिटर जीवघेणा चार्ज धरून असू शकतो.

इन्व्हर्टर मशिनांच्या (ज्यांत मोटरचा वेग इलेक्ट्रॉनिक बोर्ड कमी-जास्त करतो) डायग्रामवर हा बोर्ड म्हणजे बहुधा नुसता चौकोन असतो. कनेक्टरवर सप्लाय येतोय आणि पुढची मोटर शाबूत आहे, एवढं मोजल्यावरच आम्ही बोर्डाचं नाव घेतो. बोर्ड दुरुस्तीचं वेगळं टेबल आता मागच्या खोलीत लावतोय.