नाही सापडली, तर तसं लिहा

जिओकॅशिंग म्हणजे कुणीतरी लपवलेली डबी जीपीएसच्या मदतीने शोधायची, आतल्या कागदावर सही करायची आणि ऑनलाइन तशी नोंद लिहायची, असा खेळ. यात डबी ठेवणारा आणि डबी शोधणारा यांची गाठ सहसा कधीच पडत नाही. दोघांमध्ये दुवा असतो तो अक्षांश-रेखांशाच्या आकड्यांचा, डबीतल्या कागदाच्या पट्टीचा आणि नंतर ऑनलाइन लिहिलेल्या चार ओळींचा. जिओकॅशिंगमधली बरीचशी चिडचिड या तीनपैकी एका ठिकाणी कुणीतरी आळस केल्यामुळे होते. सगळ्यात जास्त आळस होतो तो शेवटच्या चार ओळींत. (नवख्यांसाठी एवढंच: इथे ‘कॅश’ म्हणजे लपवलेली डबी. नोटांशी काही संबंध नाही.)

सुरुवात डीएनएफपासून, म्हणजे ‘डिड नॉट फाइंड’ या नोंदीपासून. ती लिहायची लोकांना लाज वाटते. या नोंदीचं चिन्ह, म्हणजे निळा रडका चेहरा, आपल्या खात्यावर नको म्हणून अर्धा तास झुडपं चाळून माणूस गुपचूप निघून जातो. अशा दहा जणांनी मौन पाळलं की अकराव्याला डबीच्या ऑनलाइन पानावर जुन्या ‘सापडली’ नोंदीच दिसतात. तोही निघतो, आणि डबी तिथे कधीचीच नसते.

ठेवणारा डीएनएफ कसा वाचतो ते कळलं की ही लाज जाते. अवघडपणा (१ ते ५ च्या मापावर) १.५ असलेल्या डबीवर लागोपाठ तीन डीएनएफ आले, तर ती गेली असं धरून तो बघायला जातो. अवघडपणा ४.५ असेल तर दहा डीएनएफ आले तरी तो मिशीत हसतो, कारण डबी नेमकं तेच करते आहे. दोन्हीकडे तुमची नोंद ही माहिती असते, शोधणाऱ्याची गुणपत्रिका नव्हे. फक्त ती वापरता येईल अशी हवी. ‘नाही मिळाली’ एवढ्यावरून काहीच कळत नाही. ‘२५ मिनिटं शोधलं, फोन ६ मीटर अचूकता दाखवत होता, पाणी असल्यामुळे पलीकडची बाजू पाहता आली नाही’ यावरून सगळं कळतं. जागेवर पोहोचून शोधायला सुरुवात केली असेल तर डीएनएफ लिहावा. वाटेतूनच परतलात, किंवा फाटक बंद होतं, तर ‘राइट नोट’ ही साधी टिपणाची नोंद पुरे. यावर जुने खेळाडू तासन्‌तास वाद घालतात, पण ठेवणाऱ्याच्या कामाची विभागणी हीच आहे.

डबी खरोखर गेली आहे असं ठरवण्याआधी मात्र शोध नीट झालेला हवा. मोकळ्या आकाशाखाली फोनची किंवा हातातल्या जीपीएसची चूक साधारण ३ ते ५ मीटर असते. दाट झाडी, कडा किंवा उंच भिंत जवळ असेल तर १० मीटरच्याही पुढे जाते. ठेवणाऱ्याचं यंत्रही तेवढंच चुकलेलं असतं. दोघांची चूक ५-५ मीटर धरली तर एकूण चूक ७ मीटरच्या आसपास येते, आणि दोघं विरुद्ध दिशांना चुकले तर १०. म्हणजे फोनवरच्या बाणाने ‘० मीटर’ दाखवलं त्या एका दगडावर मोर्चा काढण्यात काही अर्थ नाही. शोधायचं क्षेत्र १० मीटर त्रिज्येचं, जवळपास ३१४ चौरस मीटर असतं. वीसेक मीटर मागे जा, फोन मिनिटभर स्थिर धरा आणि बाण कुठे रोखलाय ते पाहा. मग दुसऱ्या आणि तिसऱ्या बाजूनेही तसंच करा. रेषा जिथे एकमेकींना छेदतात तो भाग मनात धरा आणि फोन खिशात टाका. त्यानंतर डोळे वापरायचे. एका बाजूला ओळीने मांडलेल्या काटक्या, आजूबाजूला न शोभणारा दगड, कुठलीच तार न जाणारा नळीचा तुकडा अशा गोष्टींकडे बघायचं.

शोध जोरात असावा, पण हिंसक नसावा. सालं सोलणं, रचलेल्या भिंतीचे दगड उपसणं, विजेच्या पेटीचे स्क्रू उघडणं यांपैकी कशाचीही कधीच गरज पडत नाही. ठेवण्याच्या नियमांत झाडाला खिळा ठोकायला आणि जमीनमालकाच्या परवानगीशिवाय जमीन खणायला मनाई आहे. त्यामुळे शोधण्यासाठी कुदळ लागेल अशी डबी सहसा नसतेच. उचललेला प्रत्येक दगड त्याच खळग्यात परत ठेवावा. पाच जणांनी तसं केलं नाही की सहाव्याला डबी शोधावीच लागत नाही. उकरलेल्या जमिनीची पायवाट थेट तिच्यापाशी नेते, आणि ज्यांना या खेळाचा पत्ता नाही अशा लोकांना, म्हणजे मगलांनाही, ती वाट तेवढीच स्पष्ट दिसते.

आता या छंदातला सगळ्यात चिवट आजार: थ्रोडाउन. डबी सापडत नाही, परत यायची इच्छा नाही, मग खिशातली कॅमेऱ्याच्या फिल्मची प्लास्टिकची डबी काढायची, त्यात कागदाचा तुकडा घालायचा, सही करायची आणि ‘हरवली होती, नवीन ठेवली, सापडली’ असं लिहून मोकळं व्हायचं. करणाऱ्याला हे परोपकारी वाटतं. प्रत्यक्षात बऱ्याचदा मूळ डबी दोन मीटरवर सुखरूप असते. आता एका जागी दोन डब्या झाल्या. काहींच्या सह्या एकीत, काहींच्या दुसरीत. ठेवणारा पट्टी तपासायला जातो तेव्हा निम्मी नावं गायब असतात, आणि नोंद खोटी म्हणून पुसायची की ठेवायची हे त्याला ठरवता येत नाही. अवघडपणाचा आकडाही खोटा ठरतो, कारण झाडाच्या ढोलीत शिताफीने लपवलेल्या ४ दर्जाच्या डबीची जागा उघड्यावर पडलेल्या प्लास्टिकने घेतलेली असते. वर ती फिल्मची डबी पावसात टिकतही नाही. ठेवणाऱ्याने आधी निरोप पाठवून ‘माझ्या वतीने बदला’ असं सांगितलं असेल तर तो प्रश्नच वेगळा. तसं नसेल तर डीएनएफ लिहा आणि घरी जा.

भिजलेली पट्टी ही त्याखालोखालची तक्रार. दोष दर वेळी डबीचा नसतो. झाकणाला गोल रबरी रिंग असते. आतल्या झिपच्या पिशवीचा कोपरा त्या रिंगेत अडकला की त्या घडीतून पाणी वातीसारखं आत झिरपतं. आटे असलेल्या झाकणात वाळूचे चार कण राहिले तरी झाकण पूर्ण बसत नाही. चार कड्यांच्या डब्याच्या तीनच कड्या लावल्या, भर पावसात उघडा डबा गुडघ्यावर ठेवून सही केली, असंही सर्रास होतं. म्हणून बंद करण्यापूर्वी रिंग बोटाने पुसायची, पिशवीतली हवा काढून ती नीट घडी करून आत बसवायची आणि मग झाकण लावायचं. सहीला पेन्सिल उत्तम. जेलच्या शाईचा ओलाव्यात निळा डाग होतो आणि बॉलपेन दमट कागदावर उमटतच नाही. जाताना खिशात पेन्सिलीचा तुकडा, चिमटा, कोरडं फडकं, दोनचार कोऱ्या पट्ट्या आणि एखादी छोटी झिपची पिशवी असली की बहुतेक प्रसंग निभावतात.

चिमटा खास नॅनोसाठी. करंगळीच्या टोकाएवढ्या त्या चुंबकी डबीतली चिंचोळी पट्टी नखाने ओढली की फाटते. परत घालताना टोक चिमट्यात धरून आतून घट्ट गुंडाळायला लागा. सैल गुंडाळी आत कोंबली की आट्यांत चिरडते. आणि अशा पट्टीवर पूर्ण नाव, गावाचं नाव आणि हसरा चेहरा काढू नये. आद्याक्षरं आणि तारीख पुरे. एका माणसाच्या सुलेखनात पाच जणांची जागा जाते.

पट्टी लगदा झाली असेल तर कोरी पट्टी घाला, पण जुनी फेकू नका. तिचा फोटो काढून ठेवणाऱ्याला पाठवा, कारण आधीच्या सह्यांचा तोच पुरावा असतो. ऑनलाइन ‘ओनर अटेन्शन रिक्वेस्टेड’, म्हणजे ठेवणाऱ्याने लक्ष द्यावं, ही वेगळी नोंदही करा. जुने लोक तिला अजून ‘नीड्स मेंटेनन्स’ म्हणतात. ती शिवी नाही, पण पुष्कळ ठेवणारे ती शिवीसारखी घेतात. उलट बाजूची चूकही नेहमीची आहे. ठेवणारा जातो, कागद बदलतो, आणि ‘ओनर मेंटेनन्स’, म्हणजे दुरुस्ती केल्याची नोंद, लिहायला विसरतो. मग पानावरचं दुरुस्ती हवी असं सांगणारं स्पॅनरचं चिन्ह तसंच राहतं आणि लोक चांगली डबी टाळून पुढे जातात.

नोंदीच्या मजकुराबद्दल. ‘टीएफटीसी’, म्हणजे कॅशबद्दल आभार, एवढं लिहिलेलं चालतं का? दर १६१ मीटरवर एक फिल्मची डबी टाकत गेलेल्या पॉवर ट्रेलवर चालतं. ठेवणाऱ्यानेच तिथे याहून जास्त काही मांडलेलं नसतं. पण कुणी सहा टप्प्यांची मल्टी, म्हणजे एका ठिकाणावरून पुढच्याचा पत्ता देत शेवटच्या पेटीपर्यंत नेणारी कॅश, रचली असेल, शेवटची पेटी हाताने बनवली असेल, तर तिथे पाच अक्षरं टाकणं म्हणजे जेवून ताटावरून न बोलता उठणं. प्रत्येक नोंद ठेवणाऱ्याला मेलने जाते, हे लक्षात ठेवलं तरी दोन वाक्यं सुचतात. मात्र उत्साहात जागा फोडू नका. ‘तिसऱ्या खांबाच्या टोपीखाली’ हे लिहू नये, आणि हातात डबी धरून मागे लपण्याची जागा दिसेल असा फोटोही टाकू नये. कोड्याच्या डबीचं उत्तर एकमेकांना पाठवणं हाही फोडण्याचाच प्रकार.

हिंटची एक गंमत मराठीत लिहिणाऱ्यांना माहीत असावी. खेळाच्या संकेतस्थळावर हिंट रॉट-१३ या पद्धतीने झाकतात, म्हणजे प्रत्येक अक्षर १३ घरं पुढे सरकवलेलं असतं. ही युक्ती फक्त रोमन अक्षरांना लागू होते. देवनागरीत लिहिलेली हिंट त्यातून जशीच्या तशी बाहेर पडते आणि न उलगडताही वाचता येते. तेव्हा देवनागरीत लिहायचं तर थोडं आडवळणाने लिहा.

ठेवणाऱ्यांकडून होणारी सगळ्यात महाग चूक आकड्यांची. या खेळात अंश आणि दशांश मिनिटं वापरतात. १२.३४५ मिनिटं म्हणजे १२ मिनिटं २०.७ सेकंद. तेच कुणी १२ मिनिटं ३४.५ सेकंद समजून भरलं, तर अक्षांशात १३.८ सेकंदांचा, म्हणजे सुमारे ४२५ मीटरचा फरक पडतो. पहिले तीन शोधणारे भलत्याच नाल्यात उतरतात. मिनिटाचा तिसरा दशांश अक्षांशात सुमारे १.८५ मीटरचा असतो, त्यामुळे तोही ‘साधारण’ भरून चालत नाही. वेगवेगळ्या दोन दिवशी मोजमाप घ्या, सरासरी काढा, आणि मग स्वतःच तो आकडा फोनमध्ये घालून ५० मीटरवरून चालत या.

दुसरी निराशा परीक्षकाच्या, म्हणजे नवी डबी प्रसिद्ध होण्याआधी तपासणाऱ्याच्या, नकाराची. दोन डब्यांच्या प्रत्यक्ष ठिकाणांत किमान १६१ मीटर अंतर लागतं, आणि नकाशावर मोकळी दिसणारी जागा एखाद्या मिस्ट्रीच्या, म्हणजे कोड्याच्या डबीच्या, शेवटच्या टप्प्याने अडवलेली असू शकते. कोड्याची नकाशावरची खूण खऱ्या डबीपासून ३.२ किलोमीटरपर्यंत दूर असू शकते, तेव्हा हे डोळ्यांनी कळत नाही. डबी रंगवून, चिकटवून, ठेवून मग नकार पचवण्यापेक्षा आधी परीक्षकाकडे फक्त आकडे तपासायला पाठवावेत. जमिनीच्या मालकाची परवानगी त्याच्याही आधी घ्यावी. आणि डबीवर ती काय आहे हे ठळक लिहावं. बेवारस बंद डबा पाहून कुणी पोलिसांना बोलावलं तर दोष त्या घाबरलेल्या माणसाचा नसतो.

देवाणघेवाणीचा नियम सोपा आहे: घ्याल त्याच्या तोडीचं किंवा सरस ठेवा, नाहीतर नुसती सही करा. खाण्याचे पदार्थ चालत नाहीत, कारण प्राणी वासाने येऊन प्लास्टिक कुरतडतात. गंमत अशी की ३ मे २००० रोजी डेव्ह अल्मर यांनी ऑरेगनमध्ये ठेवलेल्या पहिल्यावहिल्या बादलीत बीन्सचा एक डबा होताच. त्याच्या आदल्याच दिवशी अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली होती. नियम तोवर कुणी केलेच नव्हते.

ट्रॅव्हल बग, म्हणजे क्रमांकाचा बिल्ला लावून डबीतून डबीत प्रवासाला सोडलेली वस्तू, ही मात्र देवाणघेवाणीची वस्तू नाही. ती दुसऱ्याची असते, आणि तिला पुढच्या डबीत पोहोचवणं हे उचलणाऱ्याचं काम. पंधरा दिवसांत जमणार नसेल तर उचलू नका. उचलली तर त्याच दिवशी नोंद करा. घोळ कसा होतो पाहा: पहिल्याने बग डबीत टाकला, पण नोंद रविवारी करू म्हणाला. दुसऱ्याने शनिवारी तो उचलून ‘पहिल्याकडून घेतला’ असं नोंदवलं. रविवारी पहिला ‘माझा बग कुठे गेला’ म्हणून तो परत आपल्या नावावर ओढतो आणि मग टाकल्याची नोंद करतो. नकाशावर बग कधीच न केलेला प्रवास करतो. पहिल्याने टाकल्याची नोंद दिसत नसेल तर दुसऱ्याने दोन दिवस थांबावं. पहिल्याला उशीर झालाच तर त्याने बग परत न ओढता एक टीप लिहून सोडून द्यावं. बगवर कोरलेला गुप्त क्रमांक फोटोत दिसू देऊ नये. ‘टीबी’ने सुरू होणारा क्रमांक सार्वजनिक असतो, कोरलेला मात्र गुप्त. मेळाव्यांनंतर गुप्त क्रमांकांच्या याद्या फिरतात आणि वस्तू डोळ्यांनीही न पाहिलेले लोक ‘पाहिली’ म्हणून नोंदवतात. मालकाच्या मेलपेटीत त्याने फक्त कचरा होतो.

एफटीएफ, म्हणजे पहिला शोध, याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. त्याला अधिकृत नियमच नाही, त्यामुळे भांडणाचा निकाल लावायलाही कुणी नाही. कोऱ्या पट्टीवर पहिली सही ज्याची, तो पहिला.

आणि डबी बंद करायची वेळ आली, पान ‘आर्काइव्ह’ केलं, की काम संपलं असं समजून बरेच जण सोडून देतात. नकाशावरून खूण जाते, प्लास्टिक तिथेच राहतं. मल्टी असेल तर शेवटच्या पेटीबरोबर मधल्या टप्प्यांच्या पाट्या, चुंबकं आणि तारेचे तुकडेही काढून आणावे लागतात. स्वतः जाणं जमत नसेल तर पान बंद करण्याआधी, ते अजून लोकांना दिसत असताना, जवळपासच्या कुणाला तरी उचलून ठेवायला सांगावं.