सातवी पायरी

आमच्या जुन्या हाऊसच्या जिन्याची सातवी पायरी करकरायची. रात्री साडेदहानंतर ती वाजली की मी खोलीतून बाहेर यायचे. बहुतेक वेळा नुकताच दाखल झालेला तेरा वर्षांचा एखादा पोरगा अनवाणी उभा असायचा. "मेट्रन, झोप येत नाही." मग दूध गरम करायचं, दहा मिनिटं इकडचं-तिकडचं बोलायचं आणि त्याला परत वर पाठवायचं. गेल्या ऑगस्टमध्ये आमचं हाऊस नव्या इमारतीत गेलं. पायरी तिथेच राहिली.

हाऊस म्हणजे काय, हे माझ्या कोल्हापूरच्या माणसांना एका शब्दात सांगता येतं: बोर्डिंग. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, तेव्हापासून हा शब्द आमच्याकडे घरातलाच. इथे इंग्लंडमध्ये एकाच शाळेची मुलं अशा अनेक हाऊसेसमध्ये विभागलेली असतात. आमच्या हाऊसमध्ये साठ मुलं, सहकुटुंब राहणारे हाऊसमास्टर आणि मी. कपडे, औषधं, हरवलेले मोजे आणि घरची आठवण हे माझं खातं.

जुनी इमारत व्हिक्टोरियन काळातली. लाल विटा, उंच धुराडी, भिंतीवर चढलेला वेल. प्रवेशासाठी आलेले पालक तिच्यापुढे उभे राहून फोटो काढायचे. आत मात्र एकेका डॉर्ममध्ये नऊ खाटा आणि मजल्याला तीन शॉवर. शेवटी जाणाऱ्याच्या वाट्याला कोमट पाणी. खिडक्यांना एकेरी काच, त्यामुळे जानेवारीत आतल्या बाजूने पाणी ओघळायचं आणि मुलं फटींत मोजे कोंबायची. इमारत वारसा यादीत असल्यामुळे खिडकी बदलायची तरी कौन्सिलची मंजुरी लागायची. लिफ्टचा तर प्रश्नच नव्हता. रग्बी खेळताना पाय मोडलेला एक मुलगा सहा आठवडे तळमजल्यावर, माझ्या कपाटांच्या खोलीत झोपला. वरच्या मजल्यावर मित्रांचा दंगा चाललेला त्याला ऐकू यायचा. त्याला रात्रीचं जेवण नेऊन देताना मला फार वाईट वाटायचं.

म्हणून हलायचं ठरलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला. माजी विद्यार्थ्यांची पत्रं आली, काही डोळ्यांत पाणी आणणारी होती. शाळेचा आत्मा त्या भिंतींत आहे, असं त्यांचं म्हणणं. त्यांचं प्रेम खरं आहे, पण त्या भिंतींत आज झोपायचं होतं ते दुसऱ्यांच्या मुलांना.

त्याच दिवसांत मी सुट्टीच्या दिवशी लंडनला चार्टरहाऊस बघून आले. स्मिथफील्डच्या मांसबाजाराला लागून असलेला हा जुना मठ. थॉमस सटन या धनाढ्य माणसाने १६११ मध्ये तिथे वृद्धांसाठी आश्रयस्थान आणि मुलांसाठी शाळा स्थापन केली. एकोणिसाव्या शतकात शहर चहूबाजूंनी अंगावर आलं. मुलांना मोकळी हवा नाही, खेळायला जागा नाही. शेवटी हेडमास्तर विल्यम हेग ब्राऊन यांनी १८७२ मध्ये अख्खी शाळा सरे परगण्यात, गोडाल्मिंगजवळच्या टेकडीवर नेली. पुढे स्काऊट चळवळ सुरू करणारे बेडन-पॉवेल तेव्हा याच शाळेत शिकत होते. त्यांनीही हे स्थलांतर अनुभवलं. वृद्धांचं आश्रयस्थान मात्र लंडनमध्ये आजही चालू आहे.

जाताना त्यांनी काय उचललं? गाऊनबॉईज या हाऊसच्या कमानीचे दगड! पिढ्यानपिढ्या मुलांनी त्यांवर आपली नावं कोरली होती. ते दगड लंडनहून नेऊन नव्या जागी बसवले. पुढे १९७० च्या दशकात त्यांच्या सात हाऊसेस पुन्हा हलल्या, या वेळी टेकडीवरच्याच आधुनिक इमारतींत. नावं तीच राहिली, बहुतेक जुन्या हाऊसमास्टरांवरून पडलेली. गर्डलस्टोन नावाचे एक मास्तर बदकासारखे डुलत चालायचे म्हणून त्यांच्या हाऊसमधल्या मुलांना आजही 'डकाईट्स' म्हणतात. मास्तर जाऊन शंभरावर वर्षं झाली, पण चाल राहिली.

हे मी आमच्या हाऊसमास्टरांना सांगितलं. जुन्या जेवणघराच्या लाकडी पॅनेलवर आमच्याही मुलांची नावं होती, कर्कटकाने खरवडलेली, काही तर उलटी. ते पॅनेल काढून नव्या इमारतीच्या दारातच लावलंय. पहिल्या दिवशी एक मुलगा बोटाने अक्षरं चाचपत कितीतरी वेळ उभा होता. त्याच्या आजोबांचं नाव होतं त्यात.

नवी इमारत उबदार आहे. मोठ्या मुलांना स्वतंत्र खोली, लहानांना दोघांत एक, आणि प्रत्येक खोलीला जोडून न्हाणीघर. ओले टॉवेल आता रेडिएटरवर वाळत घातलेले नसतात, खोकला कमी झाला. पण पहिल्याच आठवड्यात कॉरिडॉरमधली शांतता मला खटकली. खोल्यांची दारं आगीपासून बचावाची, आपोआप मिटणारी. मुलं त्यांत बूट अडकवून ती उघडी ठेवत होती आणि नियमाप्रमाणे ते बूट मलाच काढावे लागत होते. बूट काढला की दार हलकेच मिटायचं आणि आतला मुलगा एकटा पडायचा. जमिनीवर जाड गालिचा. कोण उठलंय, कोण फिरतंय, काही कळेना.

आर्किटेक्टला पायरीचं गाणं माहीत असायचं कारण नाही. ते आम्ही, आत राहणाऱ्यांनी, नकाशे बघताना सांगायला हवं होतं. त्या बैठकीला मी होते. मी फक्त धुलाईयंत्रांबद्दल बोलले, याची हळहळ अजून आहे.

आता मी रात्री साडेनऊनंतर ब्रू रूममध्ये बसते. म्हणजे टोस्टर, किटली आणि एक लांब टेबल असलेली मुलांची छोटी खोली. विणकाम घेऊन बसते, दार उघडं असतं. या दाराला अलार्म वाजला की सुटणारं चुंबक आहे. टोस्टचा वास कॉरिडॉरभर जातो आणि एकेक जण येतो. परवा सगळे झोपायला गेल्यावर एकजण मागे राहिला. बराच वेळ लोणी लावत होता, पार कडेपर्यंत. मग मान वर न करता म्हणाला, "मेट्रन, माझी आजी हॉस्पिटलमध्ये आहे."

मी सुया खाली ठेवल्या आणि किटली पुन्हा लावली.