खांड, उघाडी आणि गावचा विकास आराखडा

गेल्या वर्षी आमच्या गावच्या ग्रामसभेत पुढील काळाचा ग्रामपंचायत विकास आराखडा वाचून दाखवला गेला, तेव्हा मी मागच्या बाकावर बसून होतो. गाव अलिबाग तालुक्यात, खाडीच्या काठी, खारेपाटात आहे. अंतर्गत रस्ते, गटारे, अंगणवाडीची दुरुस्ती, पथदिवे, स्मशानभूमीची शेड असा क्रम झाला आणि समुद्राचे नाव शेवटी एकदाच आले: खाडीच्या बाजूने संरक्षक भिंत मिळण्याची मागणी करावी. ज्या गावाची भातशेती उधाणाच्या भरतीपेक्षा खालच्या पातळीवर आहे, त्याच्या आराखड्यात पाण्याबद्दल एवढे एकच वाक्य असावे, हे मला फार लागले. त्यानंतर किनाऱ्यावरच्या स्थानिक स्वराज्य संस्था वाढत्या समुद्रपातळीचे नियोजन कसे करतात, याचा मी जमेल तसा अभ्यास करत आलो आहे.

खारेपाट म्हणजे समुद्राकडून मागून घेतलेली जमीन. खाडीच्या कडेने चिकणमातीचा बांध, म्हणजे बाहेरकाठा, घालायचा, त्यात जागोजागी उघाड्या ठेवायच्या आणि आत भात पिकवायचे, ही इथली शेकडो वर्षांची रीत आहे. उघाडीची झडप भरतीच्या दाबाने आपोआप मिटते आणि ओहोटीला आतल्या पावसाच्या पाण्याने उघडते. आमच्या घराजवळच्या उघाडीवर लहानपणी आम्ही तासन्‌तास बसत असू. भरती सरू लागली की फळीच्या फटीतून आधी एक बारीक धार सुटायची, मग फळी थरथरायची आणि एकाएकी गढूळ पाण्याचा लोंढा खाडीत कोसळायचा. तो लोंढा किती वेळ चालणार, यावर आतले भात जगणार की कुजणार हे ठरत असे. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरती-ओहोटीच्या दिवसांत ओहोटीचे पाणी फारसे खाली उतरत नाही, म्हणून त्या दिवसांतल्या मोठ्या पावसाची धास्ती उधाणाच्या दिवसांइतकीच असे.

समुद्रपातळीची वाढ म्हटली की पाणी बांधावरून आत येण्याचे चित्र डोळ्यांसमोर येते, परंतु सखल प्रदेशात तिचा पहिला परिणाम पाणी बाहेर न जाण्यात दिसतो. खाडीची सरासरी पातळी थोडीशी जरी वर सरकली, तरी उघाडी उघडी राहण्याचा काळ प्रत्येक ओहोटीला कमी होतो आणि तेवढे पाणी शेतात जास्त थांबते.

मुंबईची अडचणही मुळात हीच आहे. शहराचे पावसाचे पाणी समुद्रात, खाडीत आणि नद्यांत सोडणारी 186 पातमुखे आहेत. त्यांपैकी 45 सरासरी समुद्रपातळीच्याही खाली, 135 सरासरी पातळीच्या वर पण भरतीच्या पातळीच्या खाली आणि केवळ 6 भरतीच्या पातळीच्या वर आहेत. मोठ्या भरतीला दरवाजे बंद ठेवले तर शहरातले पाणी तुंबते आणि उघडे ठेवले तर समुद्र आत येतो. महापालिका दर पावसाळ्यापूर्वी साडेचार मीटरहून उंच भरतीच्या दिवसांची यादी प्रसिद्ध करते, ती याच कारणासाठी.

हवामान बदलावरील आंतरशासकीय समितीच्या (आयपीसीसी) सहाव्या अहवालानुसार 1901 ते 2018 या काळात जगाची सरासरी समुद्रपातळी सुमारे 20 सेंटिमीटरने वाढली आणि 2006 ते 2018 या शेवटच्या टप्प्यात तिचा वेग वर्षाला 3.7 मिलिमीटरवर पोहोचला. आपल्याकडे अपोलो बंदरावर 1878 पासून भरतीची मोजणी होत आली आहे आणि आशियातील सर्वांत जुन्या नोंदींमध्ये तिची गणना होते. केंद्रीय भूविज्ञान मंत्रालयाच्या 2020 च्या अहवालाप्रमाणे उत्तर हिंदी महासागरात 1993 ते 2017 या काळात वाढीचा वेग वर्षाला 3.3 मिलिमीटर होता, म्हणजे त्याआधीच्या शतकातील वेगाच्या जवळजवळ दुप्पट किंवा त्याहून अधिक. मिलिमीटरचा आकडा ऐकून कुणी घाबरत नाही. परंतु ज्या उघाडीचा उंबरा माझ्या पणजोबांच्या काळात बसवला गेला, तिच्या दृष्टीने या मिलिमीटरांची बेरीज आता वीतभर होत आली आहे.

मुंबई महापालिकेकडे पैसा आहे, अभियंते आहेत आणि आता आराखडाही आहे. 1993 च्या ब्रिमस्टोवॅड या पर्जन्य जलनिस्सारणाच्या अहवालाने पर्जन्य जलवाहिन्यांची क्षमता ताशी 25 मिलिमीटरवरून 50 वर नेण्याची आणि भरतीच्या वेळी पाणी उपसून टाकण्यासाठी आठ उदंचन केंद्रे उभारण्याची शिफारस केली होती. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडेपर्यंत त्या अहवालाकडे पुरेसे लक्ष गेले नाही. त्यानंतर हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया आणि गझदरबंध ही सहा केंद्रे एकामागून एक सुरू झाली. माहुल आणि मोगरा यांची कामे जागेच्या प्रश्नांमुळे वर्षानुवर्षे रखडली. मार्च 2022 मध्ये मुंबई हवामान कृती आराखडा प्रसिद्ध झाला आणि 2024 मध्ये महापालिकेने अर्थसंकल्पातील हवामानविषयक तरतुदी वेगळ्या काढून दाखवणारा अहवालही मांडला. हे पाऊल मला खरोखर महत्त्वाचे वाटते, कारण ज्या गोष्टीला अर्थसंकल्पात जागा नाही तिला नियोजन म्हणता येत नाही. तरीही त्या आराखड्याच्या सहा कृतिविभागांत समुद्रपातळी हा स्वतंत्र विभाग नाही. ती नागरी पूर आणि जलव्यवस्थापन यांच्या पोटात येते. उपसा करणे हे आजच्या पाण्याचे उत्तर आहे. पाणी ज्या समुद्रात उपसून टाकायचे तोच वर येत असताना कोणता भाग किती वर्षे राखायचा आणि त्यानंतर काय, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

गावाकडे तर हा प्रश्न विचारण्याचा अधिकारही नीट नाही. आमचा बाहेरकाठा खारभूमी विभागाच्या अखत्यारीत, समुद्राच्या बाजूचा धूपप्रतिबंधक बंधारा पत्तन (बंदर) अभियंत्यांकडे, कांदळवन वन विभागाकडे, किनारा नियमनाची परवानगी राज्याच्या प्राधिकरणाकडे आणि आपत्ती जिल्हाधिकाऱ्यांकडे. राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवता येतील असे 29 विषय आहेत. त्यांत जमीन सुधारणा, लघुसिंचन आणि मत्स्यव्यवसाय आहेत, पण किनारा संरक्षण किंवा आपत्ती व्यवस्थापन नाही. पाणी घरात शिरले की लोक मात्र पहिल्यांदा सरपंचाच्या दारात जातात.

यातले नुकसान किती खोल आहे, हे खांड पाहिल्याशिवाय कळत नाही. बांध फुटून पडलेल्या खिंडाराला आमच्याकडे खांड म्हणतात. माझे चुलते सांगत, “अरे, खांड पहिल्या दिवशी दोन हातांची असते, आठ दिवसांनी तिच्यातून होडी जाते.” भरती आणि ओहोटी दोन्ही वेळा पाणी तिच्यातून धावते आणि प्रत्येक फेरीला कडा कापत नेते, म्हणून ती त्याच ओहोटीत बुजवावी लागते. जुन्या काळी जोळाची पद्धत होती. हाक पडली की ज्यांची शेती त्या बांधाच्या आड आहे त्या प्रत्येक घरातून माणूस चिखल काढायला येई आणि न येणाऱ्याला दंड असे. गोव्यात खाजन, म्हणजे खाडीकाठच्या शेतीचे बांध आणि मानशी, म्हणजे तिथल्या उघाड्या, गावकारीच्या सामुदायिक व्यवस्थेने राखल्या जात, त्यामागेही हाच हिशेब होता. नंतर बांध सरकारी झाले, जोळ मोडला आणि खांडीचे रूपांतर अर्जात झाले. पंचनामा, अंदाजपत्रक आणि मंजुरी होईपर्यंत किती उधाणे येऊन जातात, ते मी आमच्याच शेतात मोजले आहे. आम्ही दिलेल्या अर्जाला उत्तर येईस्तोवर दुसरा पावसाळा लागला होता.

तेवढ्या काळात शेतात कांदळवन उगवते. कांदळवन किनाऱ्याची ढाल आहे, 2005 पासून उच्च न्यायालयाच्या आदेशांनी त्याला संरक्षण मिळाले आणि ते मिळायलाच हवे होते. पण ज्या शेतात कालपर्यंत भात होते, तिथे दुरुस्तीच्या दिरंगाईमुळे कांदळ रुजले की त्याच बांधाची दुरुस्ती परवानग्यांच्या कचाट्यात सापडते. शेतकरी सातबाऱ्यावर मालक राहतो आणि जमीन पाण्याची होते. अशी जमीन खाडीला परत द्यायची असेल, तर तसे ठरवून द्यावी, मोबदला ठरवून द्यावी. हलगर्जीपणाने जाऊ देणे ही माघारीची सर्वांत क्रूर रीत आहे.

कायद्यात यासाठी एक जागा आहे. 2019 च्या किनारा नियमन क्षेत्र अधिसूचनेत धोका रेषेचा उल्लेख आहे. पुराची पातळी, समुद्रपातळीची वाढ आणि किनाऱ्याची धूप लक्षात घेऊन भारतीय सर्वेक्षण विभागाने ही रेषा आखायची आहे. परंतु ती नियमनासाठी नसून आपत्ती व्यवस्थापनाचे साधन म्हणून वापरावी, असे तीच अधिसूचना सांगते; भरतीरेषा ते धोका रेषा या पट्ट्यातील जमीनवापर ठरवताना हवामान बदलाचा विचार व्हावा, एवढीच अपेक्षा तिने ठेवली आहे. बंधन नाही, म्हणून कुणी बघत नाही. आमच्या ग्रामसभेत ती रेषा आमच्या गावाच्या नकाशावर कुठून जाते असे मी विचारले, तेव्हा व्यासपीठावरच्या कुणीही तो नकाशा पाहिलेला नव्हता.

रेषा आखून दाखवणे हेही एकट्याने पुरेसे नाही, हे ब्रिटनच्या वेल्समधल्या फेअरबोर्न या किनारी गावावरून दिसते. तिथल्या ग्विनेड परिषदेने किनारा व्यवस्थापन आराखड्यात काही भाग राखायचे, काही हळूहळू सोडायचे असे उघड ठरवले आणि फेअरबोर्न 2054 च्या सुमारास सोडावे लागेल असे जाहीर झाले. इतके स्पष्ट बोलण्याचे धाडस आपल्याकडे कुणी केलेले नाही. पण रहिवाशांनी कुठे जायचे आणि भरपाई कोण देणार, याचे उत्तर त्या तारखेसोबत नव्हते. त्यामुळे घरांच्या किमती पडल्या, कर्जे मिळेनाशी झाली आणि पाणी येण्याच्या कितीतरी आधी गाव खचले. तारखेपेक्षा पातळीला बांधलेला निर्णय मला म्हणूनच अधिक न्याय्य वाटतो. लंडनचा थेम्स खाडीमुखाचा 2012 चा आराखडा त्याच तत्त्वावर आहे: पातळी अमुक झाली की हे काम हाती घ्यायचे, तमुक झाली की ते, आणि दरम्यान मोजत राहायचे.

आमच्यासारख्या गावाला हे जमणार नाही असे मला वाटत नाही. नवी घरकुले, पाण्याची टाकी आणि शाळेची नवी खोली धोका रेषेच्या पाण्याकडच्या बाजूला बांधायची नाही; बांधावीच लागली तर जोते आजवरच्या सर्वांत उंच पाण्याच्या वर घ्यायचे; गोड्या पाण्याच्या विहिरींची क्षारता दर उन्हाळ्यात तपासायची. हे सर्व ग्रामपंचायतीच्या हातात आजही आहे. खांडीसाठी गावपातळीवर थोडा निधी कायम ठेवून पहिल्या ओहोटीत काम सुरू करण्याचा अधिकार गावाला द्यावा, एवढी एक गोष्ट सरकारकडून हवी आहे. पंधराव्या वित्त आयोगाने धूप रोखण्यासाठी 1,500 कोटी आणि धुपेने विस्थापित झालेल्यांच्या पुनर्वसनासाठी 1,000 कोटी रुपयांची शिफारस केली होती, म्हणजे हे खर्च राष्ट्रीय पातळीवर मान्य झालेले आहेत. त्या पैशाचा रस्ता गावच्या बांधापर्यंत यायला हवा.

पुढच्या ग्रामसभेसाठी मी दोनच ठराव लिहून दिले आहेत: धोका रेषेचा नकाशा पंचायतीच्या भिंतीवर लावावा आणि उघाडीवर पाण्याची पातळी नोंदवावी. दुसऱ्या ठरावाच्या मंजुरीची वाट न पाहता चुलतभाऊ आणि मी मिळून उघाडीच्या दगडी खांबावर तैलरंगाने सेंटिमीटरची पट्टी रंगवली आहे. पट्टीच्या वर, चुलत्यांनी 2005 च्या पुरानंतर छिन्नीने कोरलेली एक आडवी खूण आहे. भाद्रपदातल्या अमावास्येच्या उधाणाला पाणी त्या खुणेच्या चार बोटे खाली थांबले, आणि त्या दिवशी पाऊस नव्हता.