लिहिलंय तेवढंच

सोमवार, रात्र

मी मेडिकल कोडर. पेशंटचा चार्ट वाचून त्यातल्या आजारांना ठरलेले कोड लावायचे, हे माझं काम. आज मधुमेहाचा एक इनपेशंट (भरती झालेल्या पेशंटचा) चार्ट हाताखालून गेला. गेला म्हणते, पण अजून होल्डवर आहे. पेशंट कीटोअ‍ॅसिडोसिस (इन्सुलिन अपुरं पडून रक्तात आम्ल वाढणं) होऊन इमर्जन्सीत आला, तिथून आयसीयूत, मग वॉर्डात आणि मग घरी. (वय, तारखा, गाव यातलं काहीही मी रोजनिशीत लिहीत नाही. ओळख पटेल असा तपशील चार्टच्या बाहेर काढायचा नाही, हे या कामात आल्यापासून अंगवळणी पडलंय.) डिस्चार्ज समरीत कारणाबद्दल डॉक्टरांची एकच ओळ होती: पेशंट इन्सुलिन नियमित घेत नाही.

कोडिंगच्या दृष्टीने सोपा चार्ट. टाइप टू मधुमेह, कीटोअ‍ॅसिडोसिस, कोमा नाही, म्हणजे ई ११.१०. इन्सुलिनचा डोस कमी पडला म्हणून टी ३८.३एक्स६ए. हा टी कोड पहिल्या जागी कधीच बसत नाही, आधी त्यामुळे उद्भवलेला आजार, मग तो. आणि शेवटी औषध का कमी घेतलं, त्याचा झेड कोड. डॉक्टरांच्या ओळीवरून ‘औषधं वेळेवर न घेणारा पेशंट’ एवढाच कोड लागतो. लावायचा आणि पुढचा चार्ट उघडायचा.

पण मी नर्सच्या नोट्स सोडत नाही. बहुतेक वेळा त्यावरून निदानाचा कोड लावता येत नाही, तरी वाचते. भरती झाली त्या रात्री रात्रपाळीच्या नर्सने लिहून ठेवलं होतं: महिन्याचं इन्सुलिन पेशंट दीड महिना पुरवतो. म्हणतो, महिनाअखेर हातात पैसे उरत नाहीत, पुढची बाटली घेता येत नाही.

मी समरीतली ओळ पुन्हा वाचली, मग ही नोंद पुन्हा वाचली. एकाच माणसाबद्दल दोन्ही. समरी वाचणाऱ्याला तो बेफिकीर वाटेल. नोंद वाचणाऱ्याला कळेल की तो एकेक युनिट मोजून टोचून घेत होता. आयसीडीत, म्हणजे आजारांच्या कोडच्या यादीत, या दोन्हींसाठी वेगळे कोड आहेत. पैशाअभावी जाणूनबुजून औषध कमी घेणं याला झेड ९१.१२० असा स्वतंत्र कोड आहे. ज्यांनी तो यादीत घातला, त्यांनी अशी माणसं नक्की पाहिली असणार.

तो मला सरळ लावता येत नाही. डोस कमी का पडला, हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी लिहायला हवं. म्हणून क्वेरी, म्हणजे डॉक्टरांना लेखी प्रश्न, टाकली. क्वेरी लिहिताना उत्तर आपल्याकडून सुचवायचं नसतं. ‘पेशंटला इन्सुलिन परवडत नव्हतं ना?’ असं विचारलं की ती लीडिंग क्वेरी झाली, आणि तिच्या जोरावर लावलेला कोड ऑडिटमध्ये टिकत नाही. टिकूही नये. मी नर्सची नोंद तारीख-वेळेसह जशीच्या तशी दिली, समरीतली ओळ दिली, आणि आपल्या वैद्यकीय मतानुसार कारण नोंदवावं एवढंच लिहिलं. खाली पर्याय दिले: आर्थिक अडचण, अन्य कारणाने जाणूनबुजून, अनवधानाने, इतर काही, सांगता येत नाही. कोडमुळे बिलात काय फरक पडेल याचं अवाक्षरही क्वेरीत येता कामा नये. इथे तर फरक पडणारच नव्हता.

शेजारच्या टेबलवरच्या सहकारीणीने तेच विचारलं. “अगं, डीआरजी हलत नाही, मग चार्ट अडवून कशाला ठेवतेस?” (डीआरजी म्हणजे हॉस्पिटलला किती पैसे मिळणार हे ज्यावरून ठरतं तो पेशंटचा गट.) ती कामात चोख आहे आणि तिचा प्रश्न रास्त आहे. होल्डवरचा प्रत्येक चार्ट म्हणजे रखडलेलं बिल, आणि आमचं टार्गेट तासाला किती चार्ट यावर मोजलं जातं. मी म्हटलं, उत्तर आलं की सांगते.

मंगळवार

उत्तर नाही.

आज आउटपेशंटचं काम होतं. टीममध्ये नुकतीच आलेली मुलगी एका नोटवर अडली. छातीत दुखतंय म्हणून पेशंट आलेला, डॉक्टरांनी शेवटी ‘अंजायना असावा’ (हृदयाला रक्त कमी पडून होणारं दुखणं) असं लिहून पुढच्या तपासण्या सांगितलेल्या. तिने विचारलं, “ताई, अंजायनाच लावू ना? डॉक्टरांनाही तसंच वाटतंय.”

नाही लावायचा. आउटपेशंटमध्ये ‘असावा’, ‘संशय’, ‘शक्यता’ यांवर कोड लागत नाही. जे निश्चित आहे तेच घ्यायचं, इथे छातीतलं दुखणं, आर ०७.९. हा नियम मला फार आवडतो. तपासणी नॉर्मल आली तरी एकदा लावलेला हृदयविकाराचा कोड त्या माणसाच्या रेकॉर्डमध्ये राहतो. पुढचा डॉक्टर तो वाचतो, विमा कंपनी तो वाचते. एका अंदाजाचं ओझं माणसाने वर्षानुवर्षं का वाहायचं?

मग ती म्हणाली की इनपेशंटच्या ट्रेनिंगमध्ये तर उलटं शिकवलं होतं. तेही खरं आहे. भरती झालेल्या पेशंटच्या समरीत, घरी जातानाही निदान ‘बहुधा न्यूमोनिया’ असंच राहिलं असेल, तर न्यूमोनिया आहे असं धरून कोड लावायचा. कारण तपासण्या, देखरेख, सुरू केलेले उपचार सगळे न्यूमोनियाच्या पेशंटला असतात तसेच झालेले असतात. त्यातही अपवाद आहेत. एचआयव्ही, झिका, कोविड यांना ‘बहुधा’ चालत नाही, निदान पक्कं झालेलं हवं. तिने हे सगळं वहीत उतरवून घेतलं. मला बरं वाटलं. ज्याला हे नियम पाठ करायचे नसतात, का आहेत ते विचारायचं असतं, तो पुढे चांगला कोडर होतो असा माझा अनुभव आहे.

गुरुवार

आज प्रसूतीचे चार्ट. हे करताना एरवी मन हलकं असतं. आईच्या प्रत्येक प्रसूतीच्या रेकॉर्डवर बाळाचं काय झालं ते सांगणारा एक कोड लागतोच, झेड ३७. बहुतेक वेळा झेड ३७.०, एकच बाळ, जिवंत जन्म. बोटं तो आपोआप टाइप करतात.

एका चार्टमध्ये तो ३७.१ होता. एकच बाळ, मृत जन्म.

आठवडे पूर्ण भरत आलेले. आधीच्या सगळ्या तपासण्या ठीक. मी एरवी वाचते त्याहून हळू वाचला तो चार्ट, कारण इथे घाई करणं मला जमत नाही. गर्भारपणाचे ओ कोड, आठवड्यांचा झेड ३ए, आणि मग हा शेवटचा. बाळासाठी पी ९५ असा कोड यादीत आहे, पण मृत जन्मलेल्या बाळाचं वेगळं रेकॉर्ड जी हॉस्पिटलं ठेवतात त्यांनीच तो वापरायचा. आईच्या रेकॉर्डवर तो लावता येत नाही. या हॉस्पिटलमध्ये वेगळं रेकॉर्ड नव्हतं. म्हणजे त्या बाळाची कोडमधली नोंद आईच्या रेकॉर्डवरच्या या एका कोडात होती. मी तो तपासला, पुन्हा तपासला, आठवडे पडताळले, आणि सेव्ह केला.

या कामाला लोक डेटा एंट्री म्हणतात तेव्हा मला वाईट वाटतं. आयसीडीचा उगमच मृत्यू मोजण्यातून झाला आहे. लंडनमध्ये जॉन ग्राँटने १६६२ साली मृत्यूंच्या साप्ताहिक याद्या बसून तपासल्या आणि त्यातून माणसं कशाने मरतात याचे आकडे काढले. १८९३ मध्ये झाक बर्तियों यांनी मृत्यूच्या कारणांची एक यादी मांडली आणि देशोदेशी ती वापरली जाऊ लागली. १९४८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सहावी आवृत्ती हाती घेतली तेव्हा कुठे त्यात मृत्यूबरोबर आजारही आले. आजचा माझा ३७.१ त्याच मोजणीत जाऊन मिळतो. किती आया, किती आठवड्यांना, सोबत रक्तदाब होता का, मधुमेह होता का, हे कुणी उद्या शोधायला बसलं तर त्यांच्या हाती चार्ट नसणार, आम्ही लावलेले कोड असणार. ते नीट असायला हवेत.

टार्गेट आज पूर्ण झालं नाही. लीडना कारण सांगितलं, त्या काही बोलल्या नाहीत.

शुक्रवार

क्वेरीचं उत्तर आलं. डॉक्टरांनी ‘सांगता येत नाही’वर खूण केली आहे.

मला वाटलं होतं आर्थिक अडचण येईल. पण मला काय वाटतं त्यावर कोड लागत नाही, आणि जो नियम मी मंगळवारी त्या मुलीला इतक्या आवडीने समजावला तोच हा नियम आहे. मला हवं तसं उत्तर आलं नाही म्हणून तो बदलत नाही. कदाचित डॉक्टरांनी त्याला विचारलंच नसेल. कदाचित विचारलं असेल आणि त्याने सांगितलं नसेल. रात्री नर्सला सांगणं सोपं जातं, सकाळी राउंडला पाच जण कॉटभोवती उभे असताना नाही. झेड ९१.१२० लागला नाही.

मात्र गाइडलाइनमध्ये एक दार उघडं आहे, आणि ते फार विचार करून उघडं ठेवलेलं आहे. पेशंटच्या सामाजिक परिस्थितीचे झेड ५५ ते झेड ६५ हे कोड डॉक्टरांनीच लिहिलेलं असावं असं बंधन नाही. नर्स, सोशल वर्कर, केस मॅनेजर यांच्या नोंदीवरूनही ते लावता येतात. महिनाअखेर हातात पैसे उरत नाहीत, हे नर्सने स्वच्छ लिहिलं आहे. आर्थिक अस्थैर्याचा झेड ५९.८६ त्यावर बसतो. औषध आणि पैसा यांचा संबंध मी जोडला नाही, तो मला जोडता येत नाही. पण पैसे नव्हते ही गोष्ट आता रेकॉर्डवर आहे.

सहकारीणीला उत्तर द्यायचं राहिलं होतं, ते जेवणाच्या सुट्टीत दिलं. बेघर असण्याचे कोड (आताचे झेड ५९.०० ते ५९.०२) कित्येक वर्षं असेच होते. लावा न लावा, पैशात फरक नाही, म्हणून बरेच जण लावत नसत. काही जण लावत राहिले. मेडिकेअरने (अमेरिकेतली सरकारी आरोग्यविमा योजना) जमलेल्या क्लेम्सचा हिशोब मांडला तेव्हा दिसलं की बेघर पेशंटवर हॉस्पिटलचा खर्च खरोखर जास्त होतो, आणि १ ऑक्टोबर २०२३पासून त्या कोडना सीसीचा, म्हणजे उपचाराचा खर्च वाढवणाऱ्या जोड-कारणाचा, दर्जा मिळाला. म्हणजे आता त्यांनी डीआरजी हलू शकतो. लावणाऱ्यांनी लावले नसते तर हिशोब कशाचा मांडला असता? ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “झेड ५९.८६ नर्सच्या नोटवरून चालतो हे माझ्या लक्षात नव्हतं. ती गाइडलाइन पाठव मला.” पाठवली.

शनिवार

सुट्टी, तरी ऑक्टोबरच्या नव्या कोडांची यादी घेऊन बसले. दर वर्षी १ ऑक्टोबरला आयसीडी बदलते, हल्ली १ एप्रिललाही थोडी भर पडते, आणि १ जानेवारीला सीपीटी, म्हणजे उपचार-प्रक्रियांच्या कोडची यादी. परीक्षा पास झालं की अभ्यास संपला असं या कामात होत नाही. मला ते मनापासून आवडतं.

सोमवारच्या टीम मीटिंगसाठी एक मुद्दा लिहून ठेवलाय. नर्स आणि सोशल वर्करच्या नोट्स कुठल्या टॅबमध्ये सापडतात हे निम्म्या टीमला माहीत नाही, कारण ट्रेनिंगमध्ये ते दाखवतच नाहीत. एच अँड पी (भरतीच्या वेळची पूर्वमाहिती आणि तपासणी), प्रोग्रेस नोट, ऑपरेटिव्ह नोट, डिस्चार्ज समरी, एवढंच दाखवतात. तो टॅब सगळ्यांना स्क्रीनवर उघडून दाखवायचा आणि नव्या मुलीच्या चेकलिस्टमध्ये घालायचा. आणि डॉक्टरांसाठी क्लिनिकल डॉक्युमेंटेशनवाल्यांकडे विनंती पाठवायची: पेशंट औषध घेत नाही असं लिहाल तिथे, का घेत नाही हे त्याला विचारून पुढे लिहा. मसुदा तयार आहे. लीडना दाखवून मंगळवारी पाठवेन.