पुदिन्याच्या औषधीपणाची कसोटी

पोटात कळ आली की पेपरमिंट पुदिन्याच्या काढ्याने मला बरे वाटते, पण तेवढ्यावरून त्याला औषध म्हणणे मला पटत नाही. आतड्याच्या अशा तक्रारींत औषध नसलेल्या गोळीनेही साधारण तीनांतल्या एका रुग्णाला आराम पडतो. म्हणून चाचणीत तुलनेसाठी अशी गोळी घेणारा दुसरा गट हवाच. खरी अडचण वासाची आहे: पेपरमिंट तेलाचा ढेकर आला की आपल्याला काय दिले आहे, हे रुग्ण लगेच ओळखतो आणि तुलना बिघडते. आतड्यात विरघळणाऱ्या आवरणाची कॅप्सूल ही अडचण कमी करते, शिवाय छातीतली जळजळही. तेलातले मेंथॉल आतड्याच्या स्नायूंत कॅल्शियमचा शिरकाव रोखते, त्यामुळे ते सैलावतात. काढ्यात मात्र मेंथॉल किती उतरले हे दर खेपेला बदलते, म्हणून कॅप्सूलच्या चाचणीचा निष्कर्ष काढ्याला तसाच लावू नये.