तालीम प्रकल्प, पाचवा महिना: आधी पोझ, मग फोटो

पहिल्या दोन महिन्यांतले फोटो परवा पुन्हा चाळले आणि जवळजवळ सगळे बाजूला काढले. वाईट नव्हते. लाल मातीनं माखलेली पाठ, झरोक्यातून उतरलेला उन्हाचा पट्टा, मानेवर पडलेला पंजा. पण कोल्हापूरच्या कुठल्याही तालमीत कॅमेरा घेऊन गेलं की हेच फोटो मिळतात. मैदानातली कुस्ती हवी असेल तर शाहू महाराजांच्या काळातलं खासबाग आहेच, लांब लेन्स लावून बसलं की झालं. माझ्या फोटोंत कुस्ती होती, तालीम नव्हती.

तालीम ही शेवटी एक संस्था आहे. वीस-बावीस पोरं एका छताखाली राहतात. पहाटे चारला पहिला दिवा कोण लावतो, माती उकरायची पाळी कुणाची, वीजबिलाचे पैसे कोण गोळा करतो, घरून खुराकाचे पैसे आले नाहीत तर त्या पोराला कोण सांभाळून घेतं, हे दिसलं तर फोटो काढण्याला अर्थ आहे असं आता वाटतं. हे कळायला दोन महिने गेले, हरकत नाही.

अडचण पोझची. कॅमेरा दिसला की पैलवान छाती फुगवतो, दंड वळवतो आणि चेहरा दगडासारखा करतो. मी सुरुवातीला ‘माझ्याकडं बघू नका, तुमचं चालू द्या’ असं सांगून पाहिलं. त्यानं पोरं जास्तच अवघडली. मग लपून काढायचा प्रयत्न केला, खांबाआडून वगैरे. ते फोटो बघताना माझी मलाच लाज वाटली, चोरून काढल्यासारखे दिसतात कारण ते चोरूनच काढलेत.

उपाय एका पैलवानानंच सांगितला. म्हणाला, ‘आधी आमचा एक झ्याक फोटो काढून द्या की, घरला पाठवायचाय.’ एका सकाळी मारुतीच्या मूर्तीशेजारच्या भिंतीला एकेकाला उभं केलं, हवी ती पोझ घेऊ दिली आणि पुढच्या फेरीला चार बाय सहाच्या प्रिंट नेऊन वाटल्या. काहींनी पत्र्याच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवल्या. त्या दिवसापासून माझ्यासाठी छाती फुगवणं बंद झालं. त्यांना हवा तो फोटो मिळाला होता, आता माझ्याकडून काही नको होतं. आपल्या फोटोग्राफीच्या गटातल्या ज्यांना संस्था किंवा मंडळांचे फोटो काढायचेत त्यांनी हे करून बघा. पोझचा फोटो कमी दर्जाचा मानायची आपल्याला खोड आहे, पण ज्याचा चेहरा आहे त्याला तोच हवा असतो.

अमेरिकन छायाचित्रकार युजीन स्मिथची गोष्ट इथं बऱ्याच जणांना माहीत असेल. १९४८ मध्ये कोलोरॅडोतल्या एका खेड्यातल्या डॉक्टरसोबत तो तेवीस दिवस राहिला. सुरुवातीला म्हणे कॅमेऱ्यात फिल्म न भरताच शटर दाबत होता, डॉक्टरला सवय व्हावी म्हणून. मीही एक दिवस कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड काढून ठेवून गेलो. नेमकं त्याच दिवशी वस्तादांनी आठ वर्षांच्या नव्या पोराला स्वतः मातीत उतरून पहिला डाव दाखवला. स्मिथला नमस्कार करून ती युक्ती मी तिथंच सोडली. त्यापेक्षा मुंबईचे छायाचित्रकार सुधारक ओलवे यांचा रस्ता मला जवळचा वाटतो. मुंबईच्या सफाई कामगारांकडे ते वर्षानुवर्षं जात राहिले. युक्ती काही नाही, नुसतं पुन्हा पुन्हा जाणं.

आता थोडं तांत्रिक. तालमीत उजेड जवळपास नसतोच. दोन ट्यूबलाइट आणि एक झरोका. फुजी एक्स-टी ३० कॅमेरा आणि २३ एमएम एफ २ लेन्स, एवढ्यावर सगळं चाललंय. झूम लेन्स दुसऱ्याच महिन्यात घरी ठेवली, माती उकरताना उडणारी धूळ पुढं-मागं सरकणाऱ्या नळीतून आत जायला लागली होती. आवाज नको म्हणून सायलेंट शटर लावला तर फोटोवर आडवे पट्टे आले. आपल्याकडचा वीजपुरवठा ५० हर्ट्झचा, म्हणजे जुन्या चोकची ट्यूब सेकंदाला शंभर वेळा उजळते-मंदावते. इलेक्ट्रॉनिक शटर फ्रेम ओळीओळीनं वाचतो, त्यामुळं ती लुकलुक पट्ट्यांच्या रूपात उमटते. आता मेकॅनिकल शटर, वेग १/१०० सेकंद, म्हणजे ट्यूबच्या एका लुकलुकीइतका, आणि आयएसओ (उजेड टिपायची संवेदनशीलता) ३२०० ते ६४००. धरपकड १/१०० ला थोडी हलते. हलू दे. शटरच्या आवाजाकडं तर कुणाचं लक्षही नाही, तिथं बावीस जण जोर मारताना हुंकार देत असतात.

वस्तादांची एकच अट होती: ‘फोटो काढतायसा ते ठीक हाय, पण मातीत पायताण न्हाई चालायचं.’ त्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर मिसळलेला असतो आणि उतरताना प्रत्येक जण ती कपाळाला लावतो. मी अनवाणी जातो. वाकून काढायची सवय त्यातूनच लागली, कुस्तीच्या मातीच्या हौदाच्या काठावर बसलं की कॅमेरा आपोआप पैलवानाच्या कमरेच्या उंचीवर येतो.

या महिन्यात सगळ्यात जास्त हाती लागलं ते दुपारी. सकाळची मेहनत संपली, आंघोळी झाल्या की तालीम एकदम घरगुती होते. एक जण कुंडीत बदाम-खसखस घेऊन थंडाई घोटतोय, कुंडी दोन पायांत घट्ट धरलेली. कुणी स्टोव्हवर स्वतःचं कालवण करतोय. दोरीवर लंगोट वाळताहेत आणि त्याखाली एका प्लगला पाच मोबाइल चार्जिंगला. एक थोरला पैलवान धाकट्याची मान चोळून देतोय आणि दोघंही मोबाइलवर जुनी कुस्ती बघताहेत. या एका तासातून अकरा फोटो ठेवलेत, आधीच्या दोन महिन्यांतून चार.

परवा निवडलेले ३१ प्रिंट वस्तादांसमोर ठेवले. दाखवल्याशिवाय कुठंही लावायचे नाहीत हे पहिल्याच दिवशी ठरलेलं. लहान पोरांच्या वडिलांनाही त्यांनीच फोन करून विचारलं होतं. त्यांनी चष्मा लावून सावकाश पाहिले. माती उकरतानाचा फोटो बघून म्हणाले, ‘खोरं धरायची पद्धत चुकलीया ह्याची, सांगतो त्याला.’ वीजबिल हातात धरून उभ्या असलेल्या पोराला बघून हसले. मग एक प्रिंट उचलून पालथा ठेवला. निवड चाचणीत हरल्यावर भिंतीकडं तोंड करून रडणारा तेरा वर्षांचा पोरगा. माझ्या मते पाच महिन्यांतला सगळ्यात चांगला फोटो.

‘ह्यो नगं.’

मी म्हटलं, त्याला विचारलंय वस्ताद, तो हो म्हणाला.

‘बारकं हाय त्ये. तुमी इचारल्यावर हुयच म्हननार. मोठा झाल्यावर इचारा.’

तर आकडा ३०. प्रिंट तिथंच फाडून टाकला. फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवली आहे, डिलीट करायला हात झाला नाही. जत्रांतले कुस्त्यांचे फड सुरू झाले की पोरं वडापनं, म्हणजे शेअर जीपनं, गावोगाव जाणार आहेत, मागच्या बाकावर एक जागा मला मिळेल असं कळलंय. वडापमध्ये उजेड कसा असेल देव जाणे.