दोन पट्ट्यांमधला सूर: पेटीवरच्या चित्रपटगीतांची पावसाळी नोंद

ज्येष्ठापासून मी एकच काम हाती धरले आहे. मराठी आणि हिंदी चित्रपटांतली मींडेने (एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकत जाण्याने) भरलेली गाणी निवडायची, ती ऐकून स्वरलिपीत उतरवायची आणि गायकाच्या गळ्यातली ती ओढ पेटीवर कशी मांडता येते ते तपासायचे. सरळ स्वरांची गाणी मुद्दाम बाजूला ठेवली, कारण ती पहिल्याच बैठकीत बसतात आणि हाताला नवे काही देत नाहीत. गणपतीला कुडाळला घरी जाईन तेव्हा भजनाला साथ करता यावी, एवढी तयारी मनात धरली होती. ती बऱ्यापैकी झाली आहे. त्या ओघात पेटीच्या सुरांविषयी आणि सध्या कानांवर पडणाऱ्या गाण्यांविषयी जे सुचत गेले, तेही पेटी वाजवणाऱ्या मंडळींसाठी इथे लिहिते.

पेटीतला सूर म्हणजे पितळी पात. तिची लांबी-जाडी ठरली की स्वर ठरला. गंधारावरून पंचमावर जाताना गळा मधल्या सगळ्या जागांना स्पर्श करत चढतो, पेटीवर मात्र एक पट्टी संपते आणि दुसरी सुरू होते. ही ग-प मींड मी बरेच दिवस वेगवेगळ्या प्रकारे वाजवून पाहिली. मधले सगळे स्वर भरभर घेतले तर ती छोटी तान वाटते. गंधार सोडून थेट पंचम घेतला तर ओळ तुटते. जे जमले ते असे: गंधाराची पट्टी दाबलेलीच ठेवायची, डाव्या हाताने भात्याचा दाब किंचित सैल करायचा, तीव्र मध्यमाला जेमतेम कण म्हणून स्पर्श करून पंचमावर उतरायचे आणि पंचम बोलू लागल्यावरच गंधारावरचे बोट उचलून भात्याला पुन्हा जोर द्यायचा. दोन्ही स्वर निमिषभर एकत्र बोलतात, पण दाब कमी असल्यामुळे त्यांची टक्कर कानाला जाणवत नाही, आणि ऐकणाऱ्याला मधली वाट आपोआप दिसते. सगळी किमया डाव्या हाताची आहे. उजव्या हाताच्या बोटांवर आपण जेवढा वेळ घालवतो, त्याच्या निम्मा वेळ जरी नुसत्या भात्यावर, एकच षड्ज लहान-मोठा करत घालवला, तरी फरक ऐकू येतो.

उतरवून घेण्यासाठी फोनवर गाण्याचा वेग निम्मा करते. स्वराची उंची तीच राहून वेग कमी होणारी सोय आता साध्या ॲपमध्येही असते. लिहिण्यासाठी भातखंडे पद्धत वापरते. त्या पद्धतीत मींड दाखवायला स्वरांवर कमान काढतात. माझ्या वहीत प्रत्येक ओळ दोनदा लिहिलेली असते: वर गायकाची, कमानीसकट, आणि खाली पेटीची, जिथे कमानीच्या जागी कोणता कण घ्यायचा आणि भाता कुठे सैल करायचा याची खूण असते. अशा ओळी शेजारी-शेजारी ठेवून पाहिल्या की एक गोष्ट स्पष्ट होते. चांगल्या चालीत मींड कुठून निघते यापेक्षा ती कुठे पोहोचते याला जास्त महत्त्व असते. पोहोचण्याचा स्वर वेळेवर आणि भरघोस लागला, तर वाटेतले पुष्कळसे सोडून देता येते. ही या पावसाळ्यातली माझी सर्वांत मोठी कमाई आहे.

याच्या अगदी उलट बाजूचे वाद्यही याच काळात नीट ऐकले. 'दिल्ली-६' (२००९) या चित्रपटातल्या एका गाण्याच्या शेवटी ए. आर. रहमान यांनी कंटिन्युअम फिंगरबोर्ड वाजवला आहे. हे वाद्य अमेरिकेतल्या लिपोल्ड हाकेन यांनी घडवले. त्याला वेगवेगळ्या पट्ट्या नाहीत, एक सलग मऊ पृष्ठभाग आहे. बोट आडवे सरकवले की स्वर अखंड चढतो-उतरतो, आणि बोट जितके खोल दाबावे तितका आवाज मोठा होतो. म्हणजे पेटीत जे डावा हात भात्याने करतो आणि जे करताच येत नाही, ती दोन्ही कामे इथे एकच बोट करते. ती सुरावट ऐकताना मला जाणवले, की सगळी मोकळीक हातात असूनही रहमान प्रत्येक घसरण नेमक्या स्वरावर आणून थांबवतात. सलग पृष्ठभागावर ठाम थांबणे अवघड असते, आणि पट्ट्यांवर सलग जाणे अवघड असते. दोन्ही वाद्यांचा अभ्यास शेवटी एकाच जागी, त्या मुक्कामाच्या स्वरावर येऊन मिळतो.

आता सुरांच्या लावणीविषयी, कारण यावर बरेच जण विचारतात. माझी पेटी दोन ओळींची, खर्ज-नर (खालच्या आणि मधल्या सुरांच्या पातींची), आणि काळी एक (सप्तकातली पहिली काळी पट्टी) हा षड्ज धरून गंधार ट्यूनिंग केलेली, म्हणजे तंबोऱ्याच्या नैसर्गिक गंधाराशी जुळवून लावलेली आहे, कारण गुरुजींचा आवाज काळी एकचा. बाजारातल्या बहुतेक पेट्या समान अंतरांवर लावलेल्या असतात. लगतच्या दोन पट्ट्यांमधले अंतर १०० सेंट मानले तर अशा पेटीचा शुद्ध गंधार ४०० सेंटवर येतो. तंबोऱ्याच्या खर्जातून जो गंधार आपोआप उमटतो, तो मात्र सुमारे ३८६ वर असतो. या चौदा सेंटमुळेच तंबोऱ्याजवळ साध्या पेटीचा गंधार टोचतो. धैवत ९०० ऐवजी ८८४, निषाद ११०० ऐवजी १०८८. पंचमात फरक फक्त दोन सेंटचा, त्यामुळे तो कुणाला खुपत नाही.

गेल्या वर्षी हे काम कारागिरांकडे बसून पाहिले. ते पातीखाली पातळ पत्रा सरकवतात आणि बारीक कानशीने पात खरवडतात. टोकाकडे खरवडले की सूर चढतो, मुळाकडे खरवडले की उतरतो. दर दोन-चार घासांनंतर ते थांबून सूर फुंकून ऐकत आणि दुसऱ्या ओळीतल्या जोडीच्या सुराशी ताडून पाहत. दोघांच्या मिलाफातल्या लाटा हळूहळू लांबत जाऊन शेवटी सपाट होत. तेवढा क्षण ऐकण्यासाठी मी दिवसभर बसले असते.

अडचण तिथून पुढे सुरू होते, कारण एका षड्जासाठी लावलेली पेटी दुसऱ्या षड्जाला तशीच गोड राहत नाही. मी स्वतः गाते काळी चारमध्ये. काळी चार म्हणजे काळी एकचा पंचम. तो षड्ज मानून सगळे स्वर मोजले तर गंधार, मध्यम, पंचम आणि धैवत आपापल्या जागी बरोबर येतात, फक्त रिषभ २२ सेंटने उतरतो, कारण तो मूळचा ८८४ वरचा धैवत असतो. रिषभावर मुक्काम करणारी चाल अशा वेळी कोमेजून जाते. गिटारवाल्या मित्रांना प्रिय असलेल्या पांढरी दोनमध्ये मध्यम सुमारे २० सेंट उतरलेला सापडतो, शिवाय षड्जच गिटारपेक्षा बारा सेंट चढा निघतो. कॉलेजच्या कार्यक्रमांत गिटार-कीबोर्डबरोबर बसणाऱ्यांना माझा स्पष्ट सल्ला असा, की त्या कामासाठी समान अंतरांची दुसरी पेटी ठेवा, मग ती साधी असली तरी चालेल. एकाच पेटीकडून दोन्ही कामे करून घेण्यात दोन्हींचा गोडवा जातो.

पेटीविषयीचे हे दोन्ही आक्षेप, मींड येत नाही आणि सूर नैसर्गिक नाहीत, फार जुने आहेत. लायनेल फील्डन प्रमुख असताना ऑल इंडिया रेडिओने १ मार्च १९४० पासून पेटीला मज्जाव केला. जॉन फोल्ड्स या संगीतकाराने त्याआधीच तिच्याविरुद्ध लिहिले होते, आणि रवींद्रनाथ ठाकूरही तिच्या विरोधात होते. ती बंदी सैल व्हायला १९७१ साल उजाडले. मधल्या काळात १९५२ पासून बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री होते आणि त्यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरची चित्रपटगीतेही हद्दपार झाल्यासारखी झाली. श्रोते रेडिओ सिलोनकडे आणि अमीन सयानींच्या बिनाका गीतमालेकडे वळले, आणि ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली तेव्हा कुठे ती गाणी परतली. म्हणजे काही वर्षे अशी होती, की पेटी आणि चित्रपटगीत या दोघांनाही सरकारी रेडिओचे दार जवळजवळ बंद होते. घराघरांत मात्र त्याच काळात ही दोघे एकमेकांना भेटत राहिली. माझ्या आजोबांच्या वहीत अभंगांच्या चालींखाली चित्रपटगीतांचे मुखडे पेन्सिलीने लिहिलेले आहेत, आणि मी आज जे करते आहे त्याची सुरुवात मला तिथेच दिसते.

बंदीच्या काळातही पेटी थांबली नाही, याचे श्रेय रंगभूमीला आणि भजनाला जाते. १९११ च्या संगीत मानापमानाच्या चाली देणारे गोविंदराव टेंबे स्वतः मोठे पेटीवादक होते. पुढच्या पिढीत पी. मधुकर आणि त्यांचे शिष्य पं. तुळशीदास बोरकर यांनी नाट्यपदे पेटीवर अशी वाजवली, की शब्द नसतानाही शब्द ऐकू येतात. बोरकरांच्या ध्वनिमुद्रणांतून मी सध्या फक्त एकच गोष्ट शोधते: त्यांनी काय वाजवले नाही. गायक जिथे चार हरकती घेईल तिथे ते पुष्कळदा एका स्वरावर भाता धरून राहतात, आणि ती जागा रिकामी वाटत नाही.

हीच गोष्ट आमच्या सिंधुदुर्गातले भजनी बुवा वेगळ्या वाटेने साधतात. डबलबारीत, म्हणजे भजनाच्या सामन्यात, दोन बुवा समोरासमोर बसतात. रूपावली, अभंग, गवळण, गजर असा क्रम चालतो, आणि गजराला पुष्कळदा त्या-त्या वर्षी गाजलेल्या चित्रपटगीताची चाल येते. बुवा स्वतःच गातात आणि स्वतःच पेटी वाजवतात. लहानपणापासून ऐकलेले हे वादन आता वहीतल्या खुणांच्या दृष्टीने पाहिले तेव्हा लक्षात आले, की बुवा चालीतली मींड पेटीवर आणायला जातच नाहीत. ती गळ्याकडे सोपवतात, आणि हात आधीच पुढच्या मुक्कामाच्या स्वरावर जाऊन थांबलेला असतो. कोरस उचलणाऱ्यांना त्यामुळे आधार मिळतो आणि पखवाजाला समेची खूण मिळते. चित्रपटगीताची चाल भजनात आल्याबद्दल नाक मुरडणारे लोक भेटतात. मला ते पटत नाही. चाल भजनात टिकते ती तिचे सांगाडे मजबूत असतील तरच, आणि तशी परीक्षा दुसरीकडे कुठे होत नाही.

त्याच परीक्षेला मी 'सैराट'ची (२०१६) गाणी लावून पाहिली. अजय-अतुल यांनी या चित्रपटासाठी लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर मोठा वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला, आणि त्यातल्या व्हायोलिनांच्या ओळी ऐकताना पेटीवर यातले काय उरेल अशी मला शंका होती. एक हात भात्यावर म्हणजे आपल्याकडे पाचच बोटे. करंगळीवर वरची ओळ, अंगठा आणि मधल्या बोटावर फक्त दोन स्वरांचा आधार, एवढ्यावर ती गाणी उभी राहतात. वाद्यवृंदाची भव्यता गेली तरी चालीतली गावाकडची मोकळी हाक राहते, कारण ती पहिल्यापासून चालीतच आहे.

रील्सविषयी एक व्यवहारातली सूचना. हल्ली तिथे गाणी वेग वाढवून टाकतात, आणि त्याबरोबर स्वरही चढतो. असे गाणे लावून त्याबरोबर वाजवायला बसले की षड्ज नेमका काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मध्ये कुठेतरी पडतो आणि कोणतीच पट्टी जुळत नाही. जुन्या तबकड्यांवरून घेतलेल्या गाण्यांतही हेच होते, कारण तबकडीचा वेग थोडा इकडेतिकडे झालेला असतो. सरावाआधी मूळ ध्वनिमुद्रण शोधावे, आणि तेही मध्येच पडत असेल तर ॲपमध्ये स्वर थोडा सरकवून जवळच्या पट्टीवर आणून मगच वाजवावे. उलटे करून, म्हणजे न जुळणाऱ्या सुराबरोबर तासन्‌तास वाजवून, कान बधिर करून घेऊ नये.

कोकणात पेटी नेणाऱ्यांनी दमट हवेची काळजी घ्यावी. लाकूड फुगून पट्ट्या अडकतात, म्हणून मी सिलिका जेलच्या पुड्या पेटीच्या खोक्यात ठेवते आणि वाजवून झाल्यावर भाता पूर्ण बंद करते.

गणपतीनंतर पेटी पुन्हा कारागिरांकडे जाणार आहे, आणि काळी पाचच्या सुराचा निर्णय तेव्हा घ्यायचा आहे. तो ८८४ वर ठेवला तर काळी एकमधला धैवत गंधाराशी जुळलेला राहतो. ९०६ पर्यंत चढवला तर काळी चारमधला माझा रिषभ सुधारतो, पण गुरुजींच्या यमनात धैवत कडक लागेल. दोन वेगळ्या षड्जांना एकाच पेटीवर साथ करणाऱ्यांनी ही तडजोड कशी सोडवली आहे, आणि मधला एखादा आकडा कुणी कानाने पक्का केला आहे का, हे कृपया कळवावे.